वनस्पतिजन्य संयुगे, एपिजेनेटिक बदल आणि कर्करोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हळद, ग्रीन टी, ब्रोकोली, कोकम यांतील संयुगे कर्करोगाच्या पेशींमधील जनुकांचे वागणे बदलतात, असे वाचल्यावर रुग्णांचे नातेवाईक, आहारतज्ज्ञ आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा अन्यत्र आला असेल तर तेथील क्रमांक दिला आहे. ज्यांचे उपचार सुरू आहेत त्यांनी प्रश्न ११ आधी वाचावा.

१. एपिजेनेटिक बदल म्हणजे नेमके काय? त्यात जनुकच बदलते का?

जनुक बदलत नाही. ते वाचले जाणार की नाही, हे बदलते. यकृताच्या आणि त्वचेच्या पेशीत डीएनए अगदी तोच असतो, तरी दोघींची कामे वेगळी असतात. पोथी एकच असावी आणि प्रत्येक घरात तिची वेगळी पाने उघडी व बाकीची बांधलेली असावीत, तसा हा प्रकार आहे. पेशीतला सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. डीएनएतील सायटोसिन या घटकावर मिथाइल गट बसला की त्या भागातील जनुक बहुधा गप्प होते. हिस्टोनवर अ‍ॅसिटाइल गट बसला की गुंडाळी सैल पडते आणि जनुक वाचले जाऊ शकते. याखेरीज सूक्ष्म आरएनएचे तुकडे तयार संदेश मध्येच अडवतात. ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये रूढ केला. तेव्हा डीएनएची रचनाही ठाऊक नव्हती.

या विषयातील सगळी आशा एका गोष्टीवर उभी आहे. उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएच्या मजकुरातला बदल, पुसता येत नाही, मात्र या गटांची खूण काढता किंवा पुन्हा लावता येते आणि पेशीतील एन्झाइमे ते काम सतत करतच असतात.

२. कर्करोगात या खुणा कशा बिघडतात?

दोन उलट दिशांनी, आणि तेही एकाच पेशीत. अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी १९८३ मध्ये दाखवले की माणसाच्या काही गाठींतील जनुकांवर शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा मिथाइल खुणा कमी असतात. पुढे लक्षात आले की एकूण खुणा घटत असतानाच काही मोजक्या जनुकांच्या सुरुवातीच्या भागावर मात्र त्यांची दाटी होते. पेशीविभाजनाला लगाम घालणारे पी१६, डीएनएतील चुका दुरुस्त करणारे एमएलएच१ आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात बंद पडणारे जीएसटीपी१ ही त्यांपैकी नेहमी आढळणारी. म्हणून ‘कर्करोगात मिथिलीकरण (मिथाइल खुणा बसणे) वाढते’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. ते पूर्ण खरे मानल्यामुळे पुढचे बरेच गैरसमज होतात (प्रश्न १२ पाहा).

३. या खुणा बदलणारी मान्यताप्राप्त औषधे आहेत का, की सगळे अजून प्रयोगशाळेतच आहे?

औषधे आहेत. अ‍ॅझासायटिडीन हे संयुग १९६४ मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात तयार झाले. सुरुवातीला ते मोठ्या मात्रेत, पेशी मारणारे विष म्हणून वापरले गेले. पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी १९८० मध्ये दाखवले की ते डीएनएवरील मिथाइल खुणा घालवते आणि त्यामुळे उंदराच्या पेशींचे स्नायूंच्या पेशींत रूपांतर होऊ शकते. कमी मात्रेतला त्याचा उपयोग लक्षात आल्यावर २००४ मध्ये अमेरिकेत अस्थिमज्जेच्या मायलोडिसप्लास्टिक विकारासाठी त्याला परवानगी मिळाली. २००६ मध्ये डेसिटाबीन आले. हिस्टोनवरील अ‍ॅसिटाइल गट काढणाऱ्या एन्झाइमांना अडवणारे व्होरिनोस्टॅट त्याच वर्षी त्वचेच्या एका लिम्फोमासाठी (लसिका पेशींच्या कर्करोगासाठी) मान्य झाले आणि २००९ मध्ये जीवाणूपासून मिळालेल्या रोमिडेप्सिनची भर पडली.

या यादीत स्वयंपाकघरातले एकही संयुग नाही. शिवाय या औषधांचे यश प्रामुख्याने रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कर्करोगांत आहे. घट्ट गाठींच्या कर्करोगांत त्यांचा प्रभाव बराच कमी पडला आहे. नेमक्या एन्झाइमावर बसतील अशी घडवलेली औषधेही जेथे अडखळतात, तेथे काढ्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हा हिशेब वाचकाने मनात ठेवावा.

४. कोणत्या वनस्पतिजन्य संयुगांचा असा परिणाम दिसला आहे?

चहाच्या पानातील ईजीसीजी आणि सोयाबीनमधील जेनिस्टीन यांचा संबंध मिथिलीकरण करणाऱ्या एन्झाइमांशी जोडला जातो. ब्रोकोलीपासून मिळणारे सल्फोराफेन आणि लसणातील गंधकयुक्त संयुगे हिस्टोनवरील अ‍ॅसिटाइल काढणाऱ्या एन्झाइमांना अडवतात. हळदीतील कर्क्युमिन आणि कोकमातील गार्सिनॉल याच्या उलट, म्हणजे अ‍ॅसिटाइल बसवणाऱ्या एन्झाइमांना, अडवतात. द्राक्षाच्या सालीतील रेस्वेराट्रॉलचे नाव सर्टुइन या खुणा काढणाऱ्या एन्झाइमांशी जोडले जाते. ते नाते कितपत थेट आहे यावर संशोधकांत वाद झाले आहेत.

वरील वाक्यांतील ‘उलट’ या शब्दाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. ‘कर्करोगविरोधी’ म्हणून एकाच बाटलीत भरलेली दोन संयुगे हिस्टोनवर परस्परविरुद्ध काम करणारी असू शकतात, आणि बाटलीवर ते लिहिलेले नसते.

५. कर्क्युमिन कर्करोगाच्या पेशींवर काम करते, हे सिद्ध झाले आहे ना? मग रोज हळदीचे दूध घेतले तर?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न असल्याने त्याचे उत्तर आकडे मांडूनच देतो. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतील पेशींवर कर्क्युमिन साधारणतः ५ ते ५० मायक्रोमोलर (द्रवातील संयुगाचे प्रमाण मोजण्याचे एकक) या पातळीत टाकले जाते आणि तेथे परिणाम दिसतात. ती पातळी शरीरात गाठता येते का, हा खरा प्रश्न आहे.

हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के असते. जातीप्रमाणे ते कमी-जास्त होते. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम हळद धरली, तर त्यात ९० मिलिग्रॅमच्या आसपास कर्क्युमिन येते. तैवानमध्ये झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन तोंडावाटे दिले गेले. हळदीच्या भाषेत सांगायचे तर ही दररोज पाव किलोहून जास्त हळद झाली. एवढे देऊनही रक्तातील सर्वोच्च पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर भरली आणि काही तासांत ती उतरली. आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही, आणि जे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करून टाकते. चमचाभर हळदीच्या दुधातून फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या गाठीपर्यंत बशीतल्यासारखी पातळी पोहोचणे शक्य दिसत नाही.

दुसरी अडचण रसायनशास्त्राची आहे. कर्क्युमिन अस्थिर असते, स्वतः चमकते, अनेक प्रथिनांना चिकटते आणि त्यामुळे चाचण्यांत खोटे होकारार्थी निकाल देऊ शकते. औषधरसायनतज्ज्ञांनी २०१७ मध्ये या साऱ्या संशोधनाचा परखड आढावा घेऊन हा दोष स्पष्टपणे मांडला. याचा अर्थ सगळे प्रयोग चुकीचे होते असा होत नाही, पण ‘शेकडो शोधनिबंध आहेत’ हा पुरावा मानता येत नाही.

आमटीत, भाजीत, दुधात हळद घालायला हरकत नाही. आपण ती पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. ती उपचार म्हणून मोजू नये, इतकेच.

६. मिरपूड घातली की कर्क्युमिन रक्तात वीसपट जाते म्हणतात. मग ती अडचण सुटली ना?

हा आकडा बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला आहे. निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतील २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर शोषण २००० टक्क्यांनी वाढल्याचे त्यात दिसले. मात्र एकटे कर्क्युमिन दिल्यावर रक्तात जवळजवळ काहीच सापडत नव्हते. नगण्य पातळीच्या वीसपट म्हणजेही फार मोठी पातळी नव्हे.

पिपरीन हे काम कसे करते, तेही पाहावे लागेल. शरीरातील औषधांचे विघटन करणारी एन्झाइमे आणि औषधे पेशीबाहेर ढकलणारी प्रथिने ते मंदावते. हा परिणाम फक्त कर्क्युमिनपुरता राहत नाही. त्याच वाटेने जाणाऱ्या इतर औषधांची पातळीही बदलते (प्रश्न ११).

७. ग्रीन टीने बंद पडलेली जनुके उघडतात, हे खरे आहे का?

हा समज २००३ मधील एका गाजलेल्या प्रयोगातून आला. अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या मानवी पेशींवर ईजीसीजी टाकले असता मिथाइल खुणांमुळे गप्प झालेली पी१६, एमएलएच१ यांसारखी जनुके पुन्हा बोलू लागली, असे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या गटाने दाखवले. दोन वर्षांनी पीटर जोन्स यांच्याच गटाने ईजीसीजीची डेसिटाबीनशी तुलना केली, तेव्हा डेसिटाबीनने खुणा स्पष्टपणे घालवल्या आणि ईजीसीजीचा परिणाम नगण्य ठरला. ईजीसीजी पेशींच्या द्रवात टिकत नाही आणि तुटताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते; बशीत दिसणाऱ्या परिणामांतील काही वाटा त्या पेरॉक्साइडचा असू शकतो.

पातळीचा हिशेब येथेही आहेच. दोन-तीन कप ग्रीन टी प्यायल्यावर रक्तातील ईजीसीजी एक मायक्रोमोलरच्याही खाली राहते, तर २००३ च्या प्रयोगातील पातळी ५ ते ५० होती. तोंड आणि अन्ननलिका यांचा चहाशी थेट संबंध येतो, म्हणून तेथे थोडी अधिक शक्यता मानली जाते. मात्र चहा कढत पिण्याची सवय हीच अन्ननलिकेच्या कर्करोगाशी जोडलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

आपला उकळलेला, दूध-साखरेचा चहा त्याच झाडाच्या पानांचा असतो, पण पान आंबवताना ईजीसीजीचा बराचसा भाग दुसऱ्या संयुगांत बदललेला असतो.

८. ब्रोकोली, कोबी, मुळा, मोहरी, लसूण : कच्चे खावे की शिजवून?

यांपैकी बहुतेकांत परिणामकारक संयुग तयार स्वरूपात नसतेच. ब्रोकोलीत ग्लुकोराफॅनिन हे पूर्वद्रव्य एका कप्प्यात आणि मायरोसिनेज हे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असते. चिरताना किंवा चावताना दोन्ही एकत्र आली की सल्फोराफेन बनते. शिजवल्यावर एन्झाइम मरते.

ज्यांनी कैरीच्या लोणच्यासाठी घरी मोहरी फेसली आहे, त्यांना हे रसायनशास्त्र नाकाने ठाऊक आहे. कोरड्या मोहरीच्या डाळीला वास जेमतेम असतो. पाणी घालून ती फेसू लागले की मिनिटा-दोन मिनिटांत झणका थेट कपाळात जातो आणि डोळ्यांत पाणी उभे राहते. तो झणका मायरोसिनेजने त्याच क्षणी घडवलेल्या आयसोथायोसायनेटचा असतो. तीच मोहरी तापल्या तेलात तडतडली की एन्झाइम संपते आणि झणका येत नाही. म्हणूनच शिजवलेल्या ब्रोकोलीवर किंचित कच्ची मोहरीपूड भुरभुरली तर सल्फोराफेन पुन्हा बनू लागते, हे प्रयोगांत दिसले आहे. लसणाचेही तसेच : ठेचून दहा मिनिटे ठेवल्यावर फोडणीत टाकावा.

माणसांवरचा पुरावा अगदी थोडा आहे. ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या गटाने २००७ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना एकदाच ६८ ग्रॅम ब्रोकोलीचे मोड खायला दिले, तेव्हा ३ आणि ६ तासांनी त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत हिस्टोनवरील अ‍ॅसिटाइल काढणाऱ्या एन्झाइमांचे काम मंदावलेले आढळले. खाल्लेल्या पदार्थाचा परिणाम जिवंत माणसाच्या पेशीत मोजला गेला, हे महत्त्वाचे आहे. पण तो निरोगी माणसाच्या रक्तातील, काही तासांचा परिणाम आहे. त्यावरून कर्करोग टळतो किंवा गाठ लहान होते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

९. कोकमातही असे काही आहे म्हणतात. सोलकढी प्यायल्याने फायदा होतो का?

कोकमाच्या सालीतील गार्सिनॉल हे संयुग पी३०० आणि पीकॅफ या अ‍ॅसिटाइल बसवणाऱ्या एन्झाइमांना जोरदारपणे अडवते, हे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील तपस कुंडू यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. कोकण-गोव्याच्या रातांब्यातील संयुग जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनाचे साधन म्हणून वापरले जाते, याचा आनंद आम्हालाही आहे.

मात्र आमसूल पाण्यात भिजवल्यावर जो लाल रंग उतरतो तो अँथोसायनिनचा, आणि आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा असतो. गार्सिनॉल पिवळे असून ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे सरबताचा लाल रंग पाहून गार्सिनॉलचा अंदाज बांधता येत नाही. सोलकढी जेवणानंतर चवीने प्यावी. तिच्यावर औषधाचा भार टाकू नये.

१०. मग आहारातली एकही गोष्ट प्रत्यक्ष शरीरात पुरेशा पातळीला पोहोचत नाही का?

एक गोष्ट पोहोचते, आणि तिची जाहिरात कोणी करत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्ये, सालासकट डाळी आणि भाज्या यांतील जो तंतुमय भाग लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होते. ब्युटिरेट हिस्टोनवरील अ‍ॅसिटाइल काढणाऱ्या एन्झाइमांना अडवते, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. मोठ्या आतड्यात त्याची पातळी मायक्रोमोलरमध्ये नव्हे, तर मिलिमोलरमध्ये, म्हणजे हजारपटीच्या मापात असते. जे संयुग जेथे हवे तेथेच बनते, त्याला रक्तातून प्रवास करावाच लागत नाही.

यात आणखी एक मौज आहे. निरोगी आतड्याची पेशी ब्युटिरेट इंधन म्हणून जाळून टाकते. कर्करोगाची पेशी साखरेवर जगते आणि ब्युटिरेट फारसे जाळत नाही, त्यामुळे ते तिच्यात साचून केंद्रकापर्यंत पोहोचते व तिची वाढ रोखते, असे २०१२ मधील प्रयोगांत दिसले. तंतुमय आहार घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळतो, याला लोकसंख्येच्या अभ्यासांचाही आधार आहे. अर्थात त्यामागे मलाचा जलद प्रवास, वजन अशी इतर कारणेही आहेत, आणि हे प्रतिबंधाविषयी आहे, झालेल्या कर्करोगाच्या उपचाराविषयी नाही. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा अडथळ्याचा त्रास असलेल्यांनी तंतू किती घ्यायचे, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

११. केमो सुरू आहे. सोबत हळदीची किंवा ग्रीन टीची कॅप्सूल घेतली तर चालेल का?

डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. स्वयंपाकातील हळद आणि कॅप्सूल यांची तुलनाच होत नाही. बाजारातील नेहमीच्या बाटलीवर ‘९५ टक्के कर्क्युमिनॉइड, ५०० मिलिग्रॅम, काळ्या मिरीचा अर्क ५ मिलिग्रॅम’ असा मजकूर असतो. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये पाच चमचे हळदीइतके कर्क्युमिन, आणि सोबत औषधांची पातळी बदलणारे पिपरीन.

ठोस उदाहरणे अशी. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतील पेशींच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या बॉर्टेझोमिब या औषधाला ग्रीन टीतील पॉलिफेनॉल थेट चिकटतात आणि त्याचा प्रभाव नाहीसा करतात, हे २००९ मध्ये पेशींवर आणि उंदरांवर दिसले. स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांवरील २०१९ च्या छोट्या अभ्यासात कर्क्युमिन आणि पिपरीन एकत्र दिल्यावर औषधाच्या सक्रिय रूपाची रक्तातील पातळी घटली. हळदीचे व लसणाचे तीव्र अर्क रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची विचारणा होते. आणि यकृताची एन्झाइमे वाढली तर ती केमोमुळे वाढली की कॅप्सूलमुळे, हे कळेनासे होऊन केमोची पुढची फेरी लांबणीवर पडू शकते.

पुढच्या भेटीला जाताना घरातील अशा सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून न्याव्यात. ‘काही आयुर्वेदिक घेतो’ एवढ्या उत्तरावरून डॉक्टरांना काहीही ठरवता येत नाही.

१२. निद्रिस्त जनुक जागे झाले तर ते चांगलेच नाही का?

नेहमीच नाही. एमजीएमटी हे डीएनएची दुरुस्ती करणारे जनुक आहे. ते बंद पडणे कर्करोगाच्या सुरुवातीला हातभार लावू शकते. पण मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या गाठीत टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या डीएनएला इजा करून काम करते, आणि एमजीएमटी जागे असेल तर ते ती इजा दुरुस्त करून टाकते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे जनुक मिथाइल खुणांनी बंद असलेल्या रुग्णांना या औषधाचा स्पष्टपणे अधिक लाभ झालेला आढळला. म्हणून अशा रुग्णांत एमजीएमटीची तपासणी केली जाते.

प्रश्न ७ मधील २००३ च्या प्रयोगात ईजीसीजीने जागी केलेली म्हणून जी जनुके मोजली होती, त्यांत एमजीएमटीही होते. ग्रीन टीने ग्लिओब्लास्टोमाचा उपचार बिघडतो असा याचा अर्थ नाही, कारण तेवढी पातळी मुळात गाठलीच जात नाही. पण जाहिरातीत जो गुण म्हणून सांगितला जातो, तो एका रुग्णात उपकारक आणि दुसऱ्यात घातक ठरू शकतो, हे यातून दिसते. खुणा घालवणारे संयुग चांगली व वाईट जनुके वेगळी ओळखत नाही. आधीच खुणा कमी झालेल्या पेशीत (प्रश्न २) त्या आणखी घालवणे हे दुधारी काम आहे. मान्यताप्राप्त औषधांनाही हा दोष चुकलेला नाही. फरक इतकाच की त्यांची मात्रा, कालावधी आणि रक्तातील परिणाम कोणीतरी मोजत असते.

१३. मिथाइल गट फॉलिक अ‍ॅसिडमधून मिळतो असे वाचले. मग त्याच्या गोळ्यांनी खुणा दुरुस्त होतील का?

फॉलेट मिथाइल गटाचा पुरवठा करते, हे खरे. या जीवनसत्त्वाच्या शोधाचा एक धागा मुंबईत आहे. ल्युसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईतील गरोदर गिरणी-कामगार स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवले. त्या अर्कातील द्रव्य पुढे फॉलेट ठरले.

पण वाढत्या पेशींना फॉलेट खुणांसाठी लागते तसेच नवा डीएनए बनवण्यासाठीही लागते, आणि वाढणाऱ्या पेशींत गाठीच्या पेशीही आल्या. फॉलेटला विरोध करणाऱ्या औषधाने मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तात्पुरता उतार पडतो, हे सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये दाखवले, आणि मेथोट्रेक्सेट त्याच कुळातले आहे. पूर्वी आतड्यातील ॲडेनोमाच्या (पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या) गाठी काढलेल्या लोकांना रोज १ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड देण्याच्या अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले : नव्या गाठी कमी झाल्या नाहीत, उलट तीन किंवा अधिक गाठी होणाऱ्यांचे प्रमाण गोळ्या घेणाऱ्यांत जास्त निघाले. कमतरता असेल तर ती भरून काढावी आणि पालेभाज्या खाव्यात. खुणा दुरुस्त करण्यासाठी म्हणून गोळ्या घेऊ नयेत. गरोदर स्त्रियांसाठी मात्र नियम वेगळा आहे (प्रश्न १५).

१४. घरात आईला आणि मावशीला स्तनाचा कर्करोग झाला. आहाराने माझे बीआरसीए जनुक सुधारेल का?

बीआरसीए जनुकांत आनुवंशिक उत्परिवर्तन असेल तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. असे उत्परिवर्तन हा डीएनएच्या मजकुरातील बदल आहे. कोणतेही संयुग तो पुसत नाही. आनुवंशिकता नसतानाही काही गाठींत बीआरसीए१ मिथाइल खुणांमुळे बंद पडलेले आढळते, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे हा प्रश्न उद्भवतो. अशा कुटुंबांनी जनुकीय समुपदेशन घ्यावे. कॅप्सूलच्या भरवशावर मॅमोग्राफी पुढे ढकलू नये.

१५. गरोदरपणी अशी पूरके घ्यावीत का?

घेऊ नयेत. गर्भाच्या पेशींत खुणा पुसून नव्याने लावण्याचे काम सुरू असते, त्यामुळे तेथील ढवळाढवळ दीर्घकाळ टिकू शकते. अगूटी नावाच्या उंदरांत मादीच्या आहारात जेनिस्टीन घातल्यावर पिल्लांच्या केसांचा रंग पिवळ्याकडून तपकिरीकडे झुकला, असे २००६ मध्ये दिसले. परिणाम किती खोल जाऊ शकतो याची ही झलक आहे. व्हॅलप्रोइक आम्ल हे फेफऱ्यावरील औषध हिस्टोनवरील अ‍ॅसिटाइल काढणाऱ्या एन्झाइमांना अडवते आणि गर्भात मज्जारज्जूचे दोष निर्माण करू शकते. मात्र ते घेणाऱ्या स्त्रियांनी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावे. नेहमीचा आहार आणि डॉक्टरांनी दिलेले फॉलिक अ‍ॅसिड पुरेसे आहे.

१६. टाटा रुग्णालयाची शंभर रुपयांची गोळी याच प्रकारची आहे का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मेमोरियलमधील डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने जाहीर केलेल्या त्या गोळीत रेस्वेराट्रॉल आणि तांबे आहे. गटाची मांडणी अशी की मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारे गुणसूत्रद्रव्याचे कण निरोगी पेशींत शिरून हानी करतात आणि हे मिश्रण प्राणवायूचे मूलक (अतिक्रियाशील रूपे) तयार करून त्या कणांचा नाश करते. म्हणजे येथे मिथाइल किंवा अ‍ॅसिटाइल खुणा बदलण्याचा दावा नाही. मोठ्या चाचण्यांशिवाय निष्कर्ष काढू नयेत, असे अनेक कर्करोगतज्ज्ञांनी त्याच वेळी म्हटले होते.

काही वाचक विचारतात की तांब्याच्या लोट्यातले पाणी आणि नाशिकची द्राक्षे घेतली तर चालेल का. द्राक्षे गोड असतात, इतकेच खात्रीने सांगता येईल. याउलट दिवसाला ५ ग्रॅम रेस्वेराट्रॉल देण्याची मल्टिपल मायलोमाची एक चाचणी काही रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्याने थांबवावी लागली होती.

१७. सदाफुलीपासून केमोचे औषध बनते. मग वनस्पतींवर एवढा अविश्वास का?

अविश्वास नाहीच. सदाफुलीतील व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधे आजही वापरली जातात, आणि सह्याद्रीतील नरक्या या झाडात सापडणाऱ्या कॅम्प्टोथेसिनपासून इरिनोटेकान व टोपोटेकान तयार होतात. त्यापायी नरक्याची चोरटी तोडही झाली आहे. परंतु ही संयुगे खुणा बदलत नाहीत, विभाजन होणाऱ्या पेशी मारतात. ती शुद्ध करून, मिलिग्रॅमात मोजून शिरेतून दिली जातात. सदाफुलीची पाने चावून खाणे धोक्याचे आहे, कारण त्यांत किती आणि कोणती अल्कलॉइडे आली हे कोणालाच सांगता येत नाही.

१८. एपिजेनेटिक खुणा बदलतात याचा माणसांतील सर्वांत भक्कम पुरावा कोणत्या वनस्पतीचा आहे?

तंबाखूचा. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर या जनुकावरील मिथाइल खुणा ठळकपणे कमी झालेल्या आढळतात. हा निष्कर्ष इतक्या वेगवेगळ्या लोकसमूहांत पुन्हा पुन्हा मिळाला आहे की त्या एका जागेवरून माणूस धूम्रपान करतो का, हे बऱ्यापैकी ओळखता येते. आईने गरोदरपणी धूम्रपान केले असेल तर नवजात बाळाच्या नाळेच्या रक्तातही तो ठसा दिसतो. सुपारीही वनस्पतीच, तिला २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले गेले, तंबाखू सोबत नसली तरीही.

धूम्रपान सोडल्यानंतर या खुणा काही वर्षांत हळूहळू पूर्वपदाकडे येतात. आहारातून काय घालावे हे विचारणाऱ्या वाचकाच्या खिशात मिश्री किंवा मावा असेल, तर त्याला आमचे पहिले उत्तर हेच असते.

१९. नैसर्गिक गोष्टीने फायदा झाला नाही तरी तोटा तर नाही ना?

तोटा होऊ शकतो. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत गाजरातले बीटा कॅरोटीन गोळ्यांच्या रूपात दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पूरकांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइमे वाढतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवले. हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत, आणि एका विशिष्ट प्रतिकारजनुकाचे धारक त्यात अधिक आढळतात. उपचार सुरू असतानाच्या धोक्यांसाठी प्रश्न ११ पाहा.

२०. माझ्या खुणा सुधारत आहेत की नाही, हे तपासता येते का?

आहाराचा परिणाम मोजणारी वैद्यकीय मान्यता असलेली तपासणी नाही. मिथाइल खुणांवर आधारित काही चाचण्या अमेरिकेत मान्य झाल्या आहेत : मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी २०१४ मध्ये शौचाची आणि २०१६ मध्ये रक्ताची. पण त्या कर्करोगाचा माग काढतात, आहाराला गुण देत नाहीत. शिवाय खुणा ऊतीगणिक वेगळ्या असतात, त्यामुळे रक्तातील खुणांवरून स्तनाची किंवा आतड्याची स्थिती सांगता येत नाही.

२१. ‘कर्करोग मुळापासून बरा’ अशी जाहिरात दिसली तर काय करावे?

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार ज्या रोगांवरील उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत कर्करोग आहे. ‘डीएनए दुरुस्त करते’, ‘जनुके जागी करते’ अशी नवी भाषा वापरल्याने असा दावा कायद्याबाहेर जात नाही. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. तक्रारीसोबत जाहिरातीचा फोटो, बाटलीवरील उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि खरेदी केली असल्यास पावती जोडावी; पावती मागताना दुकानदार का-कू करू लागला तर तेही तक्रारीत लिहावे.